विस्मृतीचा आनुवंशिक धोका आणि मेंदूतील प्रतिकारपेशी : एका संकल्पनेचा इतिहास व जव्हार-मोखाड्याचा संदर्भ

प्रस्तावना

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की, वृद्धापकाळातील विस्मृती हा आजार असू शकतो ही कल्पनाच दीर्घकाळ परकी राहिली. म्हातारपणी माणूस विसरायचाच, तेच तेच विचारायचा, घरची वाट चुकायचा, असे गृहीत धरले गेले. 'अस्तु' या २०१३ च्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेला स्मृती हरवत चाललेला संस्कृत पंडित पाहून शहरी प्रेक्षकाला हा विषय घरचा वाटला असेल. तथापि पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातील साखरशेत किंवा मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील वृद्धेच्या विस्मृतीला आजही बहुधा 'म्हातारचळ' हेच नाव मिळते.

अल्झायमर या आजाराचा 'आनुवंशिक धोका' हा शब्दप्रयोग गेल्या तीन दशकांत वैद्यकात सर्वत्र रूढ झाला. हा धोका मेंदूतील प्रतिकारपेशींमधून कार्य करतो, हे आकलन त्याहूनही अलीकडचे आहे. प्रस्तुत निबंधात या आकलनाचा इतिहास मांडून, ज्या लोकसमूहांच्या रक्ताचा अभ्यास झाला पण ज्यांच्या वार्धक्याची फारशी विचारपूस झाली नाही अशा समूहांच्या संदर्भात त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार केला आहे. जनुकाचा धोका हा जनुकात गोठून बसलेला आकडा नसून जनुक, पेशी आणि परिस्थिती यांच्यातील संबंध आहे, ही या विवेचनामागील भूमिका होय.

फ्रँकफुर्ट येथील नोंद

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्टे डी. या ५१ वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची तपासणी केली. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूविषयीचे निरीक्षण मांडले. सभेत त्यावर चर्चा झाली नाही. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले.

या निरीक्षणातील दोन गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. एक म्हणजे चेतापेशींच्या बाहेर साचलेल्या पदार्थाचे ठिपके आणि दुसरी म्हणजे चेतापेशींच्या आत झालेले तंतूंचे गुंते. पुढील जवळजवळ संपूर्ण शतक याच दोहोंच्या अभ्यासात गेले. परंतु १९०७ साली छापलेल्या त्या अवघ्या दीड-दोन पानांच्या टिपणात तिसरीही एक नोंद आहे. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींपैकी अनेकींमध्ये मेदाचे मोठे साठे दिसतात, असे अल्झायमर यांनी तेथे लिहून ठेवले. या वाक्याकडे पुढे फारसे कोणी वळून पाहिले नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. एखादे निरीक्षण नोंदले जाते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ठाऊक नसल्यामुळे पडून राहते.

ऑगुस्टे डी. हिचा आजार आनुवंशिक होता काय, हा प्रश्नही शंभर वर्षांनी उपस्थित झाला. तिच्या मेंदूचे जतन केलेले काचपट सापडल्यावर २०१३ साली एका संशोधकगटाने त्यातील जनुकद्रव्यात प्रेसेनिलिन-१ या जनुकातील उत्परिवर्तन आढळल्याचे प्रसिद्ध केले. २०१४ साली दुसऱ्या गटाने तपासणी केली तेव्हा ते आढळले नाही. या आजाराच्या पहिल्याच रुग्णाबाबत आनुवंशिकतेचा निर्णय असा अधांतरी राहावा, ही बाब बोलकी आहे.

'तिसरा घटक'

मेंदूतील चेतापेशी हा पहिला घटक, तारकाकृती ग्लिया पेशी हा दुसरा आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्या पेशी हा तिसरा घटक, असे वर्गीकरण स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांनी केले होते. त्यांच्याच परंपरेतील पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याची नवी पद्धत विकसित केली आणि १९१९ साली या तिसऱ्या घटकात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी असल्याचे दाखवून दिले. त्यांपैकी एकीस त्यांनी 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले. या पेशी शांत असताना फांद्या पसरून असतात आणि इजा होताच आकार बदलून, सरकत जाऊन मृत पेशींचे अवशेष गिळतात, हे त्यांनी ओळखले. या शोधातून गुरुस्थानी असलेल्या काहाल यांच्याशी मतभेद झाले आणि १९२० साली ओर्तेगा यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. स्पेनमधील यादवी युद्धामुळे पॅरिस, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत ते अर्जेंटिनात पोहोचले आणि १९४५ साली ब्युनोस आयर्स येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे मायक्रोग्लियाही उपेक्षित राहिल्या. मेंदू हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून अलिप्त अवयव आहे, अशी धारणा विसाव्या शतकाच्या मध्यावर बळकट झाली होती. १९८७ च्या सुमारास कॅनडातील पॅट्रिक व एडिथ मॅकगीर या दांपत्याने अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्रतिकारयंत्रणेच्या खुणा धारण केलेल्या मायक्रोग्लिया दाखवून दिल्या. तरीही प्रश्न उरलाच. या पेशी आजाराचे कारण की परिणाम? आग लागलेल्या घरापाशी बंब दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असे म्हणता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मिळणे अवघड होते. ते जनुकांच्या मार्गाने आले.

धोक्याचे गणित

१९८४ साली ग्लेनर व वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाची ओळख पटविली. १९९१ साली काही मोजक्या कुटुंबांत, तरुण वयात उद्भवणाऱ्या आजारामागे या प्रथिनाच्या मूळ जनुकातील दोष असल्याचे सिद्ध झाले. १९९५ मध्ये प्रेसेनिलिन जनुके सापडली. या कुटुंबांत आनुवंशिकता जवळजवळ अटळ होती. दोष असलेल्या व्यक्तीस आजार होणारच. पण असे रुग्ण एकूण रुग्णांत अत्यल्प आहेत.

उतारवयातील सर्वसामान्य आजाराविषयीचा शोध १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने लावला. १९ व्या गुणसूत्रावरील 'एपो-ई' हे जनुक मेदाची ने-आण करणारे २९९ दुव्यांचे प्रथिन घडविते. त्याची एपो-ई २, ३ व ४ अशी तीन रूपे समाजात आढळतात. रूप ३ आणि रूप ४ यांच्यात फरक फक्त ११२ व्या दुव्याचा आहे. तेथे सिस्टीनऐवजी आर्जिनिन आले की रूप ३ चे रूप ४ होते. ४२ कुटुंबांच्या त्या अभ्यासात रूप ४ ची एकही प्रत नसणाऱ्यांत आजाराचे प्रमाण २० टक्के होते, तर दोन प्रती असणाऱ्यांत ते ९० टक्के होते. आजार सुरू होण्याचे सरासरी वयही ८४ वरून ६८ वर आले होते.

या आकड्यांनी 'धोका' हा शब्द लोकांच्या मनात पक्का केला. मात्र ही कुटुंबे मुळातच आजारग्रस्त म्हणून निवडलेली होती, हा तपशील पुढील कथनातून हळूहळू गळून गेला. रूप ४ असलेली कित्येक माणसे स्मृती शाबूत ठेवून नव्वदी गाठतात आणि ते नसलेल्यांनाही हा आजार होतो. १९९७ साली अनेक देशांतील माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात हेच रूप जपानी लोकांत अधिक, तर आफ्रिकी-अमेरिकी लोकांत कमी धोका निर्माण करते असे दिसून आले. एकच अक्षर निरनिराळ्या समाजांत निरनिराळा अर्थ देऊ लागले, तेव्हा 'धोका' ही संकल्पना तपासून पाहणे भाग पडले.

प्रतिकारपेशींकडे परतणे

बंब आणि आगीच्या प्रश्नाला निर्णायक वळण २०१३ साली मिळाले. आइसलँड व लंडन येथील दोन गटांनी एकाच वेळी 'ट्रेम-२' या जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे प्रसिद्ध केले. मेंदूत हे जनुक मायक्रोग्लियांमध्ये कार्यरत असते, चेतापेशींत नव्हे. जन्मतः असलेला आणि मायक्रोग्लियांपुरता मर्यादित असा दोष आजाराची शक्यता वाढवीत असेल, तर या पेशींना केवळ परिणाम मानता येत नाही. याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यास हाडे व मेंदू या दोहोंचा ऱ्हास करणारा एक दुर्मीळ विकार तरुणपणीच होतो, हे २००२ पासूनच ठाऊक होते.

ट्रेम-२ हे मायक्रोग्लियांच्या पृष्ठभागावरील एक ग्राहक प्रथिन असून मेदयुक्त पदार्थांची चाहूल घेणे हे त्याचे काम आहे. २०१७ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेत उंदरांवर झालेल्या संशोधनात, अमायलॉइडच्या ठिपक्यांभोवती गोळा होणाऱ्या मायक्रोग्लिया दोन टप्प्यांत आपले रूप पालटतात असे आढळले. दुसरा टप्पा ट्रेम-२ शिवाय गाठता येत नाही. त्याच वर्षी बोस्टन येथील गटाने या रूपांतरात ट्रेम-२ आणि एपो-ई ही एकाच साखळीतील दोन कड्या असल्याचे दाखविले. निरोगी मेंदूत एपो-ई मुख्यत्वे तारकाकृती पेशी तयार करतात. आजारात मात्र मायक्रोग्लियाही ते मोठ्या प्रमाणावर निर्माण करू लागतात. धोक्याची दोन स्वतंत्र वाटणारी जनुके अशा रीतीने एकाच पेशीत भेटली. २०१९ मध्ये मेंदूतील निरनिराळ्या पेशींच्या जनुक-नियंत्रक भागांचा नकाशा तयार झाला, तेव्हा अल्झायमरच्या धोक्याशी निगडित बदल बहुतांशी मायक्रोग्लियांच्याच नियंत्रक भागांत असल्याचे स्पष्ट झाले.

आता अल्झायमर यांच्या त्या दुर्लक्षित वाक्याकडे वळता येते. २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे मांडले की, रूप ४ च्या दोन प्रती असलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियांत मेदाचे थेंब मोठ्या प्रमाणात साठतात. अशा मेदभारित पेशींच्या स्रावामुळे प्रयोगशाळेतील चेतापेशींत गुंत्यांकडे नेणारे बदल होतात व त्या मरतात. पेशी मेद गिळते, पण तो पचवून पुढे धाडू शकत नाही. १९०७ च्या टिपणातील मेदाच्या साठ्यांना असा ११७ वर्षांनी जनुकाचा संदर्भ लाभला.

या पेशींचे मूळ त्यांच्या वर्तनाइतकेच लक्षणीय आहे. उंदरांवरील २०१० च्या संशोधनानुसार मायक्रोग्लिया गर्भाच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेत पीतक कोशात जन्मतात, मेंदूत शिरतात आणि आयुष्यभर तेथेच राहून आपली संख्या राखतात. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत शरीराने सोसलेले संसर्ग, दाह व उपासमार यांच्या साक्षीदार असलेल्या या पेशी आहेत. जव्हार-मोखाड्याचा विचार येथूनच सुरू होतो.

मुंबईतील रक्तगट-संशोधन आणि आदिवासी

महाराष्ट्रात लोकसमूहांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास नवा नाही. परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. वि. रा. खानोलकर आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी १९४९-५० च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगापुढे आणला. त्याच वर्षी निलगिरीतील आदिवासींत सिकलसेलचे अस्तित्व लक्षात आले आणि १९५६ साली सुकुमारन, संघवी व व्यास यांनी पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींतही ते असल्याचे दाखवून दिले. इरावती कर्वे व के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये केलेला आठ अंतर्विवाही गटांचा तौलनिक अभ्यासही याच परंपरेतील होय.

यांपैकी सिकलसेलचा धडा प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. सिकलसेलच्या जनुकाची एक प्रत मलेरियापासून संरक्षण देते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिद्ध केले. दोन प्रती मात्र गंभीर आजार देतात. जनुक चांगले की वाईट, हा प्रश्न मलेरियाचा प्रदेश वगळून विचारताच येत नाही. या ज्ञानाचे सार्वजनिक सेवेत रूपांतर होण्यास मात्र फार काळ लागला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले ते १ जुलै २०२३ रोजी, म्हणजे निलगिरीतील नोंदीनंतर ७१ वर्षांनी. आदिवासींचे रक्त प्रयोगशाळेत लवकर पोहोचते आणि त्याचे उत्तर पाड्यावर उशिरा परतते, असा हा अनुभव आहे.

स्मृतिभ्रंशाविषयीची भारतीय माहिती त्यामानाने तोकडी आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली, विजय चंद्रा व सहकाऱ्यांनी केलेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासाचे एपो-ईविषयक निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. रूप ४ चे प्रमाण बल्लभगढमध्ये ०.०७, तर अमेरिकेतील तुलनेच्या समूहात ०.११ होते. आजाराशी असलेल्या संबंधाची तीव्रता मात्र दोन्हीकडे सारखीच आढळली. मुंबईतील २००१ च्या सर्वेक्षणात ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के दिसले. 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासाने २०२३ साली ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी ७.४ टक्के हा अंदाज दिला आणि ग्रामीण भागात व स्त्रियांत प्रमाण अधिक असल्याचे नमूद केले. या दोन आकड्यांवरून आजार तिपटीने वाढला असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण मोजण्याच्या पद्धती व समूह भिन्न आहेत. याच अभ्यासातील २,७०० हून अधिक व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचनही झाले असून त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आनुवंशिक धोक्याविषयी भारतीय जनुकांवरून बोलण्याची सोय त्यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाली आहे.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

मुकणे घराण्याचे संस्थान असलेला जव्हार १९४८ नंतर ठाणे जिल्ह्यात आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी जमातींच्या या प्रदेशाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते १९९२ च्या वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे. कुपोषण, अतिसार आणि हिवताप हा येथील बालपणाचा इतिहास आहे. जे त्यातून वाचले, तेच पुढे वृद्ध झाले.

हा इतिहास एपो-ईच्या दृष्टीने का महत्त्वाचा, हे दोन दूरच्या अभ्यासांवरून ध्यानात येते. ईशान्य ब्राझीलमधील झोपडवस्तीत वारंवार अतिसार होणाऱ्या मुलांपैकी रूप ४ असलेल्यांचा बौद्धिक विकास अधिक चांगला झाल्याचे २००५ साली आढळले. बोलिव्हियातील चिमाने या आदिवासींत परजीवींचा भार मोठा असलेल्या प्रौढांपैकी रूप ४ धारण करणाऱ्यांची आकलनशक्ती टिकून राहिल्याचे २०१७ साली दिसून आले. जंतू आणि उपासमार यांच्याशी झुंजणाऱ्या शरीरात जे रूप उपकारक ठरते, तेच भरपूर अन्न व दीर्घ आयुष्य लाभलेल्या शरीरात मायक्रोग्लियांवर मेदाचा भार टाकते, अशी शक्यता यातून पुढे येते. सिकलसेल व मलेरिया यांच्या नात्याशी तिचे साम्य उघड आहे, परंतु ती अजून सिद्ध झालेली नाही.

या शक्यतेवरून 'आदिवासींना निसर्गतःच संरक्षण आहे' असे म्हणणे मात्र सर्वथा अयोग्य होय. १९९८ साली मध्य भारतातील बैगा जमातीत रूप ४ चे प्रमाण कमी असल्याचे दिसले. १९९९ सालच्या एका जागतिक आढाव्यात आफ्रिकेतील पिग्मी व खोइसान, तसेच पापुआतील समूहांत ते जास्त आढळले. 'आदिवासी' ही प्रशासकीय व सामाजिक कोटी आहे, आनुवंशिक नव्हे. एकाच तालुक्यात नांदणाऱ्या, परंतु परस्परांत विवाह न करणाऱ्या वारली आणि कातकरी यांच्यातही हे प्रमाण सारखे असेल असे धरून चालता येणार नाही. ज्या शहरी प्रयोगशाळा आज शुल्क घेऊन एपो-ईची चाचणी करून देतात, त्यांच्या अहवालातील धोक्याचे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले असतात, ही गोष्ट वाचकांनी विसरू नये.

प्रश्न जनुकांपाशीच संपत नाही. ज्या व्यक्तीने शाळा पाहिली नाही, तिची स्मृती मोजायची कशी? बल्लभगढच्या अभ्यासकांनी यासाठी १९९५ मध्ये हिंदी चाचणी तयार केली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन-तीन वजा करावयाचे होते आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे होते. वारली किंवा कोकणा बोलीत अशी चाचणी घडवायची, तर याहून पुढे जावे लागेल. येथील ज्ञान पाठांतरात वसते. वारली लग्नात धवलेरी जी गीते म्हणते, ती लिहून ठेवलेली नसतात. तिचा क्रम चुकू लागला तर ते कोणत्याही प्रश्नावलीच्या आधी मांडवातील बायकांच्या लक्षात येईल. भात-नागलीची कापणी आटोपल्यावर घरातील कर्ती माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि मागे म्हातारी माणसे उरतात. विस्मृतीची पहिली लक्षणे पाहायला त्या महिन्यांत घरात कोणी नसते.

औषधांची नवी पिढी अमायलॉइड हटविण्यावर भर देते. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली, पण मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याची जोखीम रूप ४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत सर्वाधिक असल्याने जनुकचाचणी आणि वारंवार मेंदूचे चित्रण त्यासोबत येते. अशा उपचारांचा मार्ग साखरशेतपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागेल, हे सिकलसेलच्या ७१ वर्षांवरून ज्याने त्याने ताडावे. त्यामानाने गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक जवळचा वाटतो. डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ कुटुंबांचा त्यात समावेश केला. स्थानिक व्यक्तींनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठविले असता काळजी घेणाऱ्या नातेवाइकांवरील मानसिक ताण लक्षणीयरीत्या कमी झाला. पाड्यापाड्यांवर माता-बालकांसाठी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या नोंदवहीत वृद्धांच्या विस्मृतीसाठी एक रकाना वाढवायला कोणत्याही जनुकाची चाचणी लागत नाही.